बकरी हाय का घरी?

देवमन सरांनी ग्रंथालयाची किल्ली विहिरीत फेकली, हे आमच्या गावात कोणालाही विचारा, सांगेल. शाळेत खिचडी शिजवणारी भुरीबाई तर साक्षीदारच आहे. सांगायला लागली की तिच्या हातातला झारा वरच्या वर राहतो आणि खिचडी खाली लागते.

"म्या सोताच्या डोयानं पाह्यलं व माय! भर दुपारी मास्तर विहिरीवर आला. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आन देल्लं फेकून. टुब्बुक! काहून? तर कोनी पुस्तकाले हात लावू नाई म्हनून. असा चिकट मानूस!"

भुरीबाईचं 'टुब्बुक' मी हुबेहूब काढते. ओठ आत ओढून गालावर टिचकी मारायची, झालं.

पण गोष्ट बरोबर उलटी आहे. सरांनी किल्ली फेकलीच नव्हती. कुलूप फेकलं होतं. किल्ली अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असते, पेनाच्या बाजूला. मी एकदा विचारलं, "सर, कुलूपच नाही तर किल्ली कायले ठेवली?"

"असू दे," सर म्हणाले. "उद्या कोनी इचारलं किल्ली कुठी हाय, तर दाखवाले तर पाह्यजे ना."

असे आहेत देवमन सर. आमच्या पाचवी ते आठवीच्या शाळेत ते समाजशास्त्र शिकवतात आणि कोपऱ्यातल्या खोलीतलं ग्रंथालयही तेच पाहतात. गाव रिसोडहून शिरपूर जैनला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, शाळा रस्त्याला लागून. एसटी गेली की खिडकीची तावदानं वाजतात. तावदानं वाजली की सर कपाटाला हात लावून पाहतात, पडत तर नाही ना.

सरांची नक्कल काढायला सोपी वाटते, पण नाही. त्यांच्यासारखी घडीघडी नुसती मान पुसून चालत नाही. त्यांचं खरं गुपित भाषेत आहे. एरवी ते आमच्याशी घरच्यासारखं बोलतात, हाय-नाई करत. पण घाबरले की पुस्तकी बोलू लागतात. थोडे घाबरले तर 'आहे' येतं, जास्त घाबरले तर 'तथापि' येतं. 'सदर बाब' आली की समजायचं, माणूस आतून पार गळून गेला.

आता कुलपाचं. मी शाळेत यायच्या खूप आधी सरांकडे पहिल्यांदा ग्रंथालय आलं. एखादं पुस्तक हरवलं तर काय, या भीतीनं त्यांनी रिसोडहून हे मोठं कुलूप आणलं, स्वतःच्या खर्चानं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाट बंद करून निर्धास्त झाले. आयुष्यात एकदाच निर्धास्त झाले असतील. शाळा उघडल्यावर कुलूप काढलं तर पुस्तकं जागच्या जागी, ओळीनं उभी. एक ओढलं. हातात नुसता पुट्ठा आला. आत पुस्तकाच्या आकाराची माती. उधई लागली होती, वाळवी. भिंतीतून कपाटात शिरली आणि सगळी फळी आतल्या आत खाऊन गेली.

"कुलपानं पोट्टे थांबले," सर सांगतात, "उधई काही थांबली नाई."

त्याच दुपारी ते विहिरीवर गेले. पुढचं भुरीबाईनं पाहिलंच आहे.

तेव्हापासून सरांनी आपल्या सगळ्या भीतींचा नीट विचार केला आणि सर्वांत लहान भीती निवडली. घरी गेलेलं पुस्तक फार तर बकरी खाते. खाल्लं तर एखादं खाईल. कपाटात राहिलेलं पुस्तक उधई खाते, आणि ती एखाद्यावर थांबत नाही. म्हणून पुस्तकं घराघरांत पाहिजेत. गावातले लोक म्हणतात तसा चिकटपणा यात कुठे बसतो ते मला सांगा.

पण देताना चौकशी अशी करतात, जशी कोणी मुलगी देताना करतं. मधल्या सुट्टीत खिडकीशी रांग लागते आणि सर आतून विचारतात:

"बकरी हाय का घरी?"

"हाय सर."

"बांधेल हाय का सुटी?"

"बांधेल हाय."

"दोरी कुठवर पुरते तिची? खाटेपर्यंत पोचते का?"

"नाई सर."

"लहान भाऊ हाय? दात आले का त्याले?"

"येऊन राह्यले सर."

"मंग वरच्या फळीवर ठेवजो. आन चुलीजवळ नको. आन भाजीच्या थैलीत नको. आन हात पाह्य तुये."

मग पुस्तक हातात. प्रत्येक पुस्तकाला खताच्या पांढऱ्या पोत्याचं कव्हर असतं, सरांनी स्वतः कापून शिवलेलं, पावसात भिजू नये म्हणून. त्यामुळे कोणत्याही पुस्तकावर आधी 'युरिया'तलं 'युरि' दिसतं आणि मग नाव. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, आईबापांबरोबर वावरात जाणाऱ्या मुलांना मुदत वाढवून मिळते. तांड्यावरची मुलं जीपनं येतात, त्यांच्यासाठी 'गाडीचं पुस्तक' वेगळं. ते जीपमध्येच राहतं, समोरच्या काचेपाशी. जाता-येता एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

आणि एक नियम. प्रत्येक पुस्तकात लग्नपत्रिकेची एक लाल पट्टी असते, खूण म्हणून. पट्टी मधल्या पानात आहे तोवर पुस्तक वाचणाऱ्याचं. कोणीही मागायचं नाही, शाळेनंसुद्धा नाही. एकदा स्वातंत्र्यदिनाच्या भाषणासाठी आमच्या हेडसरांना, म्हणजे जगदेव सरांना, एक पुस्तक तातडीनं हवं होतं. ते पाचवीतल्या पल्लवीकडे अर्धं झालेलं होतं. देवमन सर मान पुसत म्हणाले, "तथापि, सर, पट्टी मध्यभागी आहे." हेडसरांनी त्या वर्षी पुस्तकाशिवाय भाषण केलं. लवकर संपलं. आम्ही फार टाळ्या वाजवल्या.

मी आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी कपाट जवळजवळ रिकामं केलं. सुट्टी म्हणजे उधईची दिवाळी, असं त्यांचं मत. ज्यानं एक मागितलं त्याला दोन दिली. मुलं पुस्तकं घेऊन मामाच्या गावाला, मावशीच्या गावाला गेली. सुट्टी संपली, मुलं आली. पुस्तकं सावकाश येत होती, नेहमीसारखी.

आणि एका सोमवारी मी खडू आणायला ऑफिसात गेले तर आत हेडसर आणि देवमन सर. हेडसर वाईट माणूस नाहीत. त्यांची नक्कल मात्र फार सोपी, कारण प्रत्येक वाक्याला एकच दांडा.

"काय आहे की, देवमन सर, पोषण आहाराचा तांदूळ व्हरांड्यात भिजून राहिला. काय आहे की, उंदीरही लागले. काय आहे की, कोरडी खोली शाळेत एकच आहे, तुमची. शनिवारी विस्तार अधिकारी मॅडम येणार आहेत, त्या पाहून ठरवतील. कपाट भरलेलं दिसलं तर खोली ग्रंथालयाचीच. आता काय आहे की, आत आहे काय? एक नकाशा आणि एक मोडका पृथ्वीगोल. हे पाहून त्या म्हणतील, पोती ठेवा."

"आणि कपाट?" देवमन सरांनी विचारलं.

"माझ्या ऑफिसात. कुलूप लावून."

सरांनी मान पुसली. मग म्हणाले, "सदर बाब माझ्या लक्षात आली आहे."

मी खडू न घेताच बाहेर आले.

मधल्या सुट्टीत सर खोलीत बसले होते. खिडकीशी रांग नव्हती, कारण द्यायला काही नव्हतं. मी म्हणाले, "सर, येतील ना सगळी. आम्ही आणतो."

"पोट्टे मामाच्या गावाले गेलते. अर्धी पुस्तकं तिकडंच राह्यली असन. कोनं चुलीत घातली असन. कोनाची बकरी सुटली असन."

"सगळी येतील."

"एक तरी येनार नाई, योगिनी. लिहून घे."

"लावा पैज!"

सर पैजेलाही घाबरतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मान पुसली आणि विचारलं, "कायची?"

"मी जिंकले तर तुम्ही परिपाठाला सगळ्या शाळेसमोर हेडसरांची नक्कल करायची. 'काय आहे की'सकट."

त्यांचा चेहरा असा झाला की पैज रद्द करावी असं माझ्याच मनात आलं. पण ते म्हणाले, "आन मी जिंकलो, तर मी सांगीन तिथं, सांगीन ते वाचाचं. मोठ्यानं. कबूल?"

कबूल. वाचन तर मला येतंच.

मग तो आठवडा. तो आठवडा मी कोणाचीच नक्कल केली नाही, त्यावरून ओळखा. आम्ही आठवीची मुलं घरोघरी फिरलो. "पुस्तक द्या, नाही तर खोली जाईल," एवढंच सांगायचं. दुर्गाबाईंनी मुलाचं पुस्तक गव्हाच्या कोठीत खुपसून ठेवलं होतं, कडुनिंबाच्या पाल्यासकट. "सर उधईले लय भेतात ना, म्हनून म्या गव्हासारखंच ठेवलं," म्हणाल्या. ते पुस्तक सरांनी नाकाला लावलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. इंझोरीहून एक पुस्तक ओळखीच्या कंडक्टरच्या हाती आलं. शिरपूरला मावशीकडे राहिलेल्या एकात साखरेचे दाणे आणि मुंग्या निघाल्या. एकाचा कोपरा खरंच बकरीनं खाल्ला होता, आणि ते आणणारा मुलगा दारातच उभा राहून रडत होता. सरांनी कोपरा उलटसुलट पाहिला.

"गोष्ट खाल्ली का नुसता पुट्ठा?"

"पुट्ठा, सर."

"मंग रडते कायले? तिचं पोट दुखून राह्यलं का? नाई ना? जाय."

पण एखादं आलं की ते खूश व्हायचे आणि लगेच कपाटात उरलेल्या रिकाम्या जागेकडे पाहायचे. रात्री झोप लागत नसावी, डोळे लाल असायचे. "खोली गेली तर पुस्तकं ऑफिसात," ते मध्येच म्हणायचे, स्वतःशीच. "बंद. आन भिंत तीच हाय. तीच उधई." मी नको-नको म्हणत असतानाही मला ती मातीची पुस्तकं दिसायची.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कपाट भरलं. मधल्या फळीवर फक्त एक फट राहिली. गाडीचं पुस्तक.

ते एका दीपगृहाबद्दल होतं. समुद्रात उभा एक मनोरा, त्यात एक माणूस आणि त्याची मुलगी, रात्रभर दिवा पेटता ठेवतात. तांड्याच्या जीपमध्ये ते सतीश वाचायचा, कारण चालत्या गाडीत वाचून ओकारी न होणारा तो एकटाच. दिवाळीनंतर तो काकाकडे रिसोडला शिकायला गेला. मी थेट जीपचालक मोहनसिंगकाकांकडे गेले. जीप शाळेच्या फाटकाशी उभी होती.

"काका, पुस्तक."

"कोनतं पुस्तक?"

"गाडीचं. उद्या मॅडम येणार आहेत."

"देतो ना, देतो," ते म्हणाले. पण हात समोरच्या पुस्तकावर ठेवला, उचलला नाही. "सकायी आनतो. पक्का."

सकाळी म्हणजे झालं. मी घरी निघाले. वळून पाहिलं तर देवमन सर जीपच्या खिडकीशी उभे होते. मोहनसिंगकाका हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि सर मान पुसत होते. पुस्तक मागत असतील, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात त्यांना 'काय आहे की' म्हणताना ऐकलंसुद्धा.

शनिवारची सकाळची शाळा. कपाट भरलेलं, फरशी पुसलेली. मोडका पृथ्वीगोल मी भिंतीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे फुटकी बाजू दिसू नये. जीप आली, मुलं उतरली. पुस्तक आलं नाही. मी फाटकाकडे पळणार तेवढ्यात मॅडमची गाडी आली.

मॅडम घाईत होत्या. एका दमात तांदूळ पाहिला, व्हरांडा पाहिला, खोलीत आल्या. हेडसर मागे. भुरीबाई पाण्याचा पेला घेऊन दारात. मी नकाशा धरायच्या निमित्तानं आत.

"छान भरलंय की," मॅडम म्हणाल्या. फळीवरून बोट फिरवत गेल्या. बोट फटीत अडकलं. "इथलं कुठंय?"

हेडसरांनी घसा साफ केला. "काय आहे की, शिवायला... बांधणीला..."

मॅडमनी देवमन सरांकडे पाहिलं. सरांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी नुसती मान हलवली असती, तरी चाललं असतं. खोली वाचली असती.

"सदर पुस्तक," सर म्हणाले. थांबले. "तथापि सदर पुस्तक..." पुन्हा थांबले. मग त्यांनी एकदम मान वर केली. "जीपमंदी हाय मॅडम. अर्धं झालं हाय."

'हाय'! अधिकाऱ्यासमोर! मी नकाशा घट्ट धरला.

"जीपमध्ये? कोण वाचतंय?"

"डायवर ऐकते. पट्टी मंधात हाय, म्हनून मी मांगतलं नाई. मांगाचं नसते."

हेडसर भिंतीकडे पाहू लागले. मॅडम सरळ फाटकाकडे चालू लागल्या. आम्ही सगळे मागे. भुरीबाई पेल्यासकट.

मोहनसिंगकाका सीटवर पाय वर घेऊन बसले होते. ते घाईघाईनं उतरले. मॅडमनी काचेपाशी ठेवलेलं पुस्तक उचललं आणि पट्टीच्या जागी उघडलं.

"पाहा मॅडम, पाहा," काका म्हणाले, "पन पुढचं सांगू नका."

"काय झालंय इथं?"

"दिवा विझला ना जी! बाप होडी घेऊन समुद्रात, पोरगी वर एकटी, आन दिवा विझला. आन तिथीच दिवाळीची सुट्टी लागली! तवापासून तो बाप पान्यात हाय. मले गाडी चालवताना तोच दिसते."

"तुम्हाला वाचता येत नाही?"

"येते ना. हळू येते. पन मी वाचलं तर माह्याच आवाजात येते. मंग वादळ वाटत नाई, हिशोब वाटते."

मॅडम हसल्या नाहीत. उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. पान उलटलं. अजून एक उलटलं. त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा दचकून पुस्तक मिटलं, पण पट्टी पुन्हा आधीच्याच जागी ठेवली, हे मी पाहिलं.

"सर," त्या हेडसरांना म्हणाल्या, "व्हरांड्याला एका बाजूनं पत्रा आणि खाली फळ्या करून घ्या. पंचायतीशी मी बोलते. खोली यंदा राहू द्या."

"काय आहे की... ठीक आहे, मॅडम."

गाडी गेली. आम्ही ओरडलो, भुरीबाईनं तो पाण्याचा पेला स्वतःच पिऊन टाकला. देवमन सर मात्र रस्त्याकडे पाहत उभे.

"सर, वाचली खोली!"

"यंदा म्हनल्या," सर म्हणाले. "पुढच्या वर्षीचं काय?"

मग खिशातली किल्ली चाचपली आणि माझ्याकडे वळले. "एक आलं नाई. हारली तू."

तेव्हा माझ्या डोक्यात शुक्रवारची जीप आली. "सर! काल तुम्ही काकांना काय सांगत होते?"

"मी काय सांगनार? तो म्हने, न्या सर, खोलीचा सवाल हाय, पन मले झोप येनार नाई. मी म्हनलं, पट्टी कुठी हाय? तो म्हने, मंधात. मी म्हनलं, मंग राहू दे."

"म्हणजे तुम्हीच ठेवायला सांगितलं! ही तर चीटिंग!"

"पैज सोमवारी लागली. हे शुक्रवारी झालं. सोमवारी मले काय मालूम?" आणि मान पुसायला विसरले. "मी सांगीन तिथं, सांगीन ते. जीपमंदी. सोमवारी, शाळा सुटल्यावर."

"सर, मला गाडी लागते!"

ते मला माहीत होतं तसं त्यांनाही माहीत होतं. सहलीच्या एसटीत पुढच्या सीटवर तेच तर बसले होते.

सोमवारी सर लिंबू घेऊन आले. "पोट रिकामं हाय ना? फार रिकामं तर नाई ना?" मग स्वतःही जीपमध्ये चढले, पोरीला एकटी कशी पाठवायची म्हणून, आणि माझ्यासमोर प्लास्टिकची पिशवी उघडी धरून बसले. गाडी हलली. मी एका हातात लिंबू, एका हातात पुस्तक घेऊन पट्टी काढली.

वादळ काढलं. लाटा काढल्या. मुलगी माझ्याच आवाजात आली. पण होडीतला बाप तोंड उघडून बोलला, तेव्हा मी न ठरवता दुसऱ्याच कोणाचा आवाज निघाला. "काडी कोरडी हाय का? वात पाह्यली का? खिडकी लावली का वरची?"

मोहनसिंगकाका आरशातून मागे पाहत म्हणाले, "ह्या मानसाले मी ओयखतो!" आणि सगळा तांडा हसून फुटला. सरांनी पिशवी नाकापर्यंत वर केली. तिच्यामागे ते हसत होते की लाजत होते, दिसलं नाही.

तांडा यायच्या आधी काकांनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. "थांब. आधी बाप येऊ दे." उभ्या गाडीत मी शेवट वाचला. वर दिवा लागला, होडी लागली. काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि म्हणाले, "आला. आला लेकाचा."

"परत विझला तर?" सर पुटपुटले.

मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. "झाली पैज पूर्ण. आता मी मोकळी."

सरांनी पट्टी पहिल्या पानात घातली. थैलीतून दुसरं पुस्तक काढलं, आधीच्यापेक्षा जाड, आणि काचेपाशी ठेवलं.

"सांगीन ते म्हनलं होतं मी," ते म्हणाले. "एकच, असं कुठी म्हनलं? उद्या पोटभर जेवू नको. लिंबू मी आनतो."